मुर्दे मोजणारी बाई

डॉक्टर कमल आगटे मला कधीच आवडल्या नाहीत. त्यांच्या हाताखाली मी जेमतेम दीड वर्ष काढलं, आणि तेवढ्यात त्यांची बदली व्हावी म्हणून दोनदा मारुतीला नारळ बोललो. आता माझी सत्तरी उलटली. म्हातारपणी माणूस जुन्या वैऱ्यांबद्दल मऊ होतो म्हणतात. मी झालो नाही. तरी लिहायला बसलो आहे, कारण त्यांच्याबद्दल जिल्ह्यात जे बोललं गेलं त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि त्यातलं एक खोटं माझ्या सहीनं सुरू झालं.

मी तेव्हा सेलू भागाचा सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. बाजारातली सडकी फळं फेकायची, विहिरीत लाल औषध टाकायचं, जत्रेत हैज्याची, म्हणजे पटकीची, सुई टोचायची आणि महिन्याच्या शेवटी किती जन्मले, किती मेले याचा तक्ता वर्ध्याला पाठवायचा, एवढं माझं काम. आम्ही नुकतेच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. नवे साहेब तिकडून येत होते आणि जुने कारकून त्यांच्याकडे संशयानं पाहत होते. अशात एक दिवस या बाई आल्या. पुण्याकडच्या, पस्तिशीच्या आतबाहेर, उंच, पांढरं सुती पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. हातात नळी नाही, औषधाची पेटी नाही. साथीच्या रोगांच्या डॉक्टर, एवढंच हुकमात लिहिलं होतं.

"मंग ह्या कायच्या डॉक्टर?" आमच्या शिपायानं मला विचारलं. मलाही सांगता आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या भागातलं एक गाव निवडलं. माझ्या तक्त्यात तिथले गेल्या महिन्याचे तीन मृत्यू होते. बाई गावात शिरल्या त्या चावडीवर गेल्याच नाहीत. सरळ न्हाव्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"गेल्या महिन्यात सुतकाची डोकी किती घरची केलीत?"

न्हाव्यानं वस्तरा पुसत बोटांवर मोजलं. "नऊ घरची, बाई."

लहान पोरं गेली की डोकं करत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तिथून त्या नदीवर धुणं धुणाऱ्या बायांत गेल्या. तासाभरानं परत आल्या आणि सगळ्या गावासमोर मला म्हणाल्या, "इन्स्पेक्टर, तक्त्यात तीन आहेत. मेलेत चौदा."

"बहुतेक कोतवालानं कळवलं नसेल," मी म्हणालो.

"बहुतेक म्हणजे काय? बहुतेक म्हणजे तुम्हाला माहीत नाही. मग तसं लिहा."

गावकरी हसले. त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी वाकडं आलं.

त्यांचं वागणं बघून कुणाचंही आलं असतं. कुणाच्या घरी पाण्याचा गडू पुढे आला तर त्या हातही लावत नसत. स्वतःचं उकळलेलं पाणी बाटलीत घेऊन हिंडायच्या. फुटाणे आणि गूळ खायच्या, तेही चालता चालता. आमच्याकडे पाहुण्यानं पाणी नाकारलं की घराचा अपमान होतो. मी त्यांना तसं सांगितलं. "माहीत आहे," म्हणाल्या, आणि पुढच्या घरीही नाकारलं.

ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या दारात उंबऱ्यावर बसायचं आणि वही उघडायची. कधी सुरू झालं? त्याआधी काय खाल्लं? पाणी कुठलं? कपडे कुणी धुतले, कुठे धुतले? सांत्वनाचा एक शब्द नाही. पिपरी मेघेला एका बाईचा मुलगा आदल्या दिवशी गेला होता. चौथ्या प्रश्नाला ती उसळली.

"बाई, तुमाले लेकरू हाये का?"

"नाही."

"म्हून," ती म्हणाली.

आगटेबाईंनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी पाचवा प्रश्न विचारला. गावोगाव बाया त्यांना मुर्दे मोजणारी बाई म्हणायला लागल्या ते तेव्हापासून. त्यांची बैलबंडी लांबून दिसली की दारं लागत.

एकदा हिंगणीकडून बंडीनं परतताना मी जरा टोचूनच विचारलं, की एवढं शिकलात तर सरळ दवाखाना का काढला नाही. वर्ध्यात बाई डॉक्टरला काय कमी होतं? बायका बाळंतपणासाठी रांगा लावतील.

"माझे वडीलही हेच म्हणत," त्या म्हणाल्या. "अजून बोलत नाहीत माझ्याशी." मग बाटलीतलं पाणी प्यायल्या. "दवाखान्यात पोचतो तो एक असतो. त्याच्यामागे वीस जण पोचलेले नसतात. त्यांचा डॉक्टर कोण, ते सांगा."

मी ते कानाआड केलं. ऊन होतं, भूक लागली होती, आणि बाई आपल्याला शिकवते आहे हे डोक्यात बसलं होतं.

आता आमच्या गावाचं सांगतो. हिंगणीच्या पलीकडे, बोर नदीच्या काठी आमचं गाव. नाव लिहीत नाही, तिथं अजून आमचे लोक आहेत. माझा मोठा भाऊ गणपत तेव्हा सरपंच होता. आमच्या घरापुढची विहीर अर्ध्या गावाची. बाकी अर्ध्या गावाचं पाणी देवळामागच्या विहिरीचं. आणि नदीकडच्या वस्तीला दोन्ही बंद. आदल्या वर्षी दसऱ्याला वस्तीतली सगळी घरं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. आल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं त्यांना मजुरीवर बोलावणं सोडलं. पाणी ते नदीच्या रेतीत झिरा खणून नेत, पूर्वीही आणि तेव्हाही.

धर्मांतरानंतरचा तो पहिला उन्हाळा. चैत्र संपता संपता आमच्या गावात हैजा लागला. आधी शेजारचा रामजी तेली गेला, मग त्याची सून, मग एखाद्या दिवशी दोघं. नवव्या दिवशी गणपतदादाची शेवंता गेली. सात वर्षांची होती. मी सेलूहून पोचलो तेव्हा तिला नेलंही होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि माय तिच्या तोंडाला पाण्याची वाटी लावत होती. तेच पाणी.

गावाला कारण लगेच सापडलं. वस्तीत एकही माणूस आजारी नव्हता. एकही नाही. मग दुसरं काय असणार? "त्यायनंच विहिरीत काही टाकलं," असं कुणीतरी म्हणालं आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं झालं. वस्तीतला कवडू नावाचा तरणा माणूस पुढारपण करायचा, ढोरं ओढायला नाही म्हणणारा पहिला तोच. त्याच्यासह तिघांना पोलिसांनी ठाण्यावर नेऊन बसवलं. त्याच दिवशी आगटेबाई आल्या.

दादा दारात उभा होता. "बाई, पोरीची राख अजून गरम हाये. आज वही काढू नका."

"आज काढली नाही तर उद्या आणखी एक जाईल," त्या म्हणाल्या आणि बूट काढून उंबऱ्यावर बसल्या.

चार दिवस त्या आमच्या गावात होत्या. शाळेच्या खोलीत राहिल्या. घर न् घर फिरल्या, वस्तीतही गेल्या. त्यांनी गावाचा नकाशा काढला आणि ज्या घरी माणूस आजारी पडलं तिथं काळा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चावडीवर पसरला तेव्हा मीही वाकून पाहिला. ठिपके सगळे आमच्या विहिरीभोवती होते. देवळामागच्या विहिरीकडे दोनच, आणि ती दोन्ही घरं आमच्या शेतात राबणारी, आमच्याकडे पाणी पिणारी. नदीकडे कोरा कागद.

"विष टाकलं असतं तर एका दिवशी सगळे पडले असते," बाई म्हणाल्या. "हे हळूहळू वाढलं आहे. ही विहीर आहे."

"मंग थे वस्तीवाले काऊन वाचले?" एकानं विचारलं.

"तुम्ही त्यांना विहिरीवर चढू दिलं नाहीत म्हणून."

चावडीवर शंभर माणसं असतील.  मी त्या गावचा आहे, मला त्यांच्या नजरा कळत होत्या. त्या बाईला कुणी दगड मारला नाही तो केवळ ती सरकारी होती म्हणून.

वस्तीतल्या लोकांनी तरी त्यांचे पाय धरावेत ना? तेही नाही. त्या तिथं गेल्या आणि झिऱ्यात हात घालून म्हणाल्या, हेही पाणी घाण आहे, यंदा वाचलात, पुढच्या वर्षी वाचणार नाही, उकळून प्या. कवडूची म्हातारी म्हणाली, "माहा पोरगा ठाण्यात बसून राह्यला अन् हे मले पानी शिकवते." बाईंनी तेही ऐकून घेतलं.

कवडूला सोडवायला नकाशा पुरला नाही. फौजदार म्हणाला, ठिपके काय कुणीही काढील. तेव्हा त्यांनी किराणा दुकानातून नीळ मागवली. आमच्या विहिरीच्या कडेला कपडे धुवायचा दगड होता आणि त्याच्याखालचा ओटा जुना, तडकलेला. बाईंनी दोन बादल्या निळीचं पाणी त्या दगडावर ओतलं. मग घड्याळ पाहत शेजारी उकिडव्या बसून राहिल्या. अख्खं गाव जमलं होतं. काही वेळानं त्यांनी दादालाच पोहरा काढायला सांगितला. दादानं ओढला. पाणी पितळी पोहऱ्यात नीट दिसेना म्हणून त्यांनी ते पांढऱ्या थाळीत ओतलं. निळसर होतं.

दादा थाळीकडे पाहत राहिला. ही विहीर आजोबांनी खणलेली. तिच्या पाण्याची चव तालुक्यात कुणाच्या विहिरीला नाही, असं तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा.

कवडू आणि ते दोघे संध्याकाळी सुटले. बाईंनी विहीर बंद केली, औषध टाकलं, सगळ्यांना सुया टोचल्या. नवे आजारी थांबले. इथं थांबल्या असत्या तर कदाचित मी त्यांना माफ केलं असतं. पण त्यांना पहिला माणूस हवा होता. रामजी तेल्याच्या आधी या दगडावर कुणाचे कपडे धुतले गेले, हे कळल्याशिवाय त्यांचं काम संपत नव्हतं.

हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे. तो पहिला माणूस मी होतो.

रामजी आजारी पडायच्या सहा दिवस आधी मी नदीकाठच्या एका जत्रेत सुया टोचायच्या ड्युटीवर होतो. हजारभर लोकांना टोचल्या असतील. स्वतः घेतली नव्हती, दंड दोन दिवस ठणकतो म्हणून. जत्रेहून सेलूला न जाता घरी गेलो आणि तिथं माझं पोट सुटलं. आठ-दहा वेळा बाहेर जावं लागलं. मायनं पेज दिली, माझं धोतर आणि वाकळ त्या दगडावर धुतली, आणि दोन दिवसांत मी उठून कामावर गेलो. ऊन बाधलं असं म्हणालो. माझं काम काय होतं ते वर सांगितलंच आहे. मला संशय आला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. आला होता आणि मी तो बाजूला सारला होता.

बाईंना हे मायनंच सांगितलं. त्या उंबऱ्यावर, माय आत जात्याजवळ, मी दाराशी. कुणाच्या घरी आधी कुणी आजारी होतं का, असं विचारल्यावर माय सहज म्हणाली, "आमचा देवराव आलता ना जत्रेतून, त्याचं पोट बिघडलं होतं. मीच धुतलं सारं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. लिहून घेतलं, उठल्या. अंगणात येऊन विचारलं, "इन्स्पेक्टर, तुम्हाला हगवण झाली होती?"

"नाही."

"आई म्हणाल्या."

"माय म्हातारी झाली. तिचा गोंधळ होतो."

"नाही होत. वार, वेळ सगळं बरोबर सांगितलं त्यांनी." त्यांनी वही पुन्हा उघडली. "तुम्ही नाकारलंत असं मी लिहीन."

"लिहा. पण मायले सांगू नका," मी म्हणालो. घाईत माझ्या तोंडून आमची बोली निघाली. "तिच्या हातानं झालं हे तिले समजलं तर ती जगणार नाही."

"मी होऊन सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

मायनं विचारलं. निळीचं पाणी तिनंही पाहिलं होतं. चौथ्या दिवशी बाई निघताना माय पदर सावरत बंडीपाशी आली. मी बैल जुंपत होतो.

"बाई, खरं सांगजा. माह्या हातानं झालं का?"

एक शब्द बदलला असता तरी चाललं असतं. नाही म्हणाल्या असत्या, माहीत नाही म्हणाल्या असत्या. ज्या 'बहुतेक' या शब्दावरून त्यांनी मला गावासमोर झापलं होतं, तेवढा जरी वापरला असता तरी माझी माय वाचली असती. सत्तर वर्षांच्या बाईला कोण असं सांगतं?

"हो," आगटेबाई म्हणाल्या. मग बंडीतून खाली उतरून तिच्या समोर उभ्या राहिल्या. "पण तुम्हाला माहीत नव्हतं. ज्याचं हे माहीत असणं काम होतं त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. दोष तुमचा नाही."

मायनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.  याबद्दल ती पुढे कधी बोलली नाही, ना माझ्याशी, ना दादाशी. पण त्या दिवसानंतर तिनं कुणाचं पाणी भरलं नाही, कुणाचं जेवण वाढलं नाही. वहिनीनं ताट दिलं तर जेवायची. ओसरीवर बसून हात पदराखाली ठेवायची, उन्हाळ्यातसुद्धा. कार्तिकात गेली. डॉक्टरनं वय झालं होतं म्हणून सांगितलं. मी तिला आगटेबाईंच्या खात्यावर धरतो. त्यांनी स्वतः मोजली असती तर कुणाच्या नावावर लावली असती, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच त्या मला आवडत नाहीत.

माय असतानाच, त्या पावसाळ्यात, गावानं अर्ज केला. बाई जोडे घालून स्वयंपाकघरात शिरल्या, देवाधर्माची टवाळी केली, चांगल्या विहिरीची बदनामी केली, वस्तीची बाजू घेतली. जोड्यांचं तर धडधडीत खोटं होतं. पहिला अंगठा वहिनीच्या भावाचा, पहिली सही दादाची. वर्ध्याला चौकशी लागली. चौकशीच्या आधी एका वरिष्ठानं मला खोलीत बोलावून समजावलं. अहवालात खात्याच्याच माणसाचं नाव येणं बरं दिसत नाही. तुमची नोकरी जाईल, खात्याची अब्रू जाईल, मेलेले काही परत येणार नाहीत. एक कागद तयारच होता. त्या दिवसांत माझी प्रकृती ठणठणीत होती, आणि आगटेबाईंनी माझ्या वृद्ध आईवर दबाव आणून तिच्याकडून भलतंच वदवून घेतलं, असा मजकूर.

मी सही केली.  माझं अक्षर चांगलं आहे, सही सुरेख आली.

कागद देऊन मी बाहेर आलो तेव्हा आगटेबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, अर्ज घेऊन आलेल्या लोकांच्या रांगेत. खुर्ची कुणी दिली नव्हती. माझ्या मागून शिपायानं त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या. व्हरांडा अरुंद होता आणि आम्ही समोरासमोर आलो. त्यांना सगळं कळलं असणार, कारण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, जसं त्या आजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत. मला वाटलं, आता बोलतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. त्या भिंतीला सरकून मला वाट देऊन आत गेल्या.

दाराला अर्धा पडदा होता. खालून त्यांचे बूट दिसत होते. आतून साहेबांचा आवाज आला की मूळ अज्ञात असं लिहून प्रकरण मिटवू, तुमची बदलीही सोयीच्या ठिकाणी करू, तुम्ही फक्त इथं सही करा.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि प्रकरण मिटवायचं असेल तर ते कुणाचं आहे हे आधी ऐका."

मग त्या वाचायला लागल्या. रामजी तेली, वय पन्नास. त्याची सून चंद्रभागा, वय एकोणीस, पोटुशी. साहेब म्हणाले, पुरे. त्यांनी ऐकलं नाही. आवाज चढला नाही की पडला नाही. तिसरं नाव, चौथं नाव, वय, कधी सुरू झालं, कधी गेलं. साहेबांनी खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला. पाचवं नाव. पडद्याखालचे बूट जागचे हलले नाहीत.

शेवंता नववी होती. सातव्या नावाला मी जिना उतरायला लागलो.